कारंज्याची कापूसपेठ आणि हमालाचे ओझे

वऱ्हाडातील कारंजा येथे इ. स. 1886 मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये कापसाचा नियंत्रित बाजार स्थापन झाला; हिंदुस्थानातील अशा बाजारांत तो पहिला गणला जातो. 1897 च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने ही व्यवस्था पुढे विस्तारली. तथापि तिचा रोख सौद्यावर व वजनमापावर होता. मापात खोट येऊ नये ही चिंता सरकारला होती (मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता, हे विसरून चालत नाही). माप उचलणाऱ्या पाठीची नव्हती. 1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 34 ने इजा होईल इतके ओझे उचलावयास लावण्यास मनाई केली खरी, परंतु ती कारखान्यांपुरती. बाजारातील हमालासाठी माथाडी कायदा झाला तो 1969 साली. त्याच्या उद्देशांत आरोग्य व सुरक्षितता हे शब्द आले.