बांधून घेतलेली मोटार

मुळशीच्या भातखाचरांत वाढलेल्या माणसाने फेरारीवर लिहावे, हे पाहून काही वाचक हसतील. हसोत बापडे! गोष्ट तशी परकी नाही. आपले ट्रकवाले चॅसिस विकत घेत आणि बॉडी दुसरीकडे बांधून घेत. इटलीतले शौकीनही तेच करीत. सांगाडा व एंजिन फेरारीचे, अंगावरचा पत्रा मात्र तुरिनच्या पिनिन फारिनाकडचा. (ही पेढी पुढे मुंबईच्या महिंद्रांकडे आली; करार झाला २०१५ साली.)

चित्रपट-दिग्दर्शक रोबेर्तो रोसेलिनी हा असाच एक शौकीन. 'रोम, ओपन सिटी'मध्ये १९४५ साली युद्धाने पोळलेली साधी माणसे दाखवणारा हा गृहस्थ मोटारींच्या बाबतीत मात्र राजेशाही. त्याची १९५४ ची फेरारी ३७५ एमएम म्हणजे बारा सिलिंडर, साडेचार लिटरचे एंजिन, सुमारे ३४० अश्वशक्ती. पिनिन फारिनाने तिला बिनटपाचे, शर्यतीचे अंग दिले होते. ते अपघातात मोडले, तेव्हा ती मोदेनाला सेर्जिओ स्कालिएत्तीकडे गेली. हा पठ्ठ्या कागदावरच्या आराखड्यापेक्षा डोळ्यांवर विसंबणारा. वाळूच्या पोत्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा ठेवायचा आणि ठोकत ठोकत गोलाई आणायची. पुण्याच्या तांबटआळीत हंड्याला आकार येतो, त्याच जातीचे हे काम! त्याने तिला छपराची, करड्या रंगाची नवी काया दिली.

१९५६ च्या अखेरीस रोसेलिनी भारतात आला, मुंबईत राहिला. त्याच्या येथील प्रेमप्रकरणाचा एवढा गाजावाजा झाला की त्याने काय चित्रित केले, हे मागेच पडले. १९५९ साली दाखवल्या गेलेल्या त्याच्या 'इंडिया'त हिराकूड धरणावरचा एक मजूर आहे. धरण पुरे होते आणि त्याला बायको-मुलासह ती जागा सोडावी लागते. बायकोचा पाय निघत नाही. आम्हां मुळशीकरांना हे निराळे सांगायला नको. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध इथली माणसे सत्याग्रहाला उभी राहिली, सेनापती बापटांनी तुरुंग भोगला, तरी गावे पाण्याखाली गेलीच. असल्या मोटारीतून भरधाव हिंडणाऱ्याला त्या बाईचे रडे दिसले, याचे मला मोटारीहून अधिक अप्रूप वाटते.

मोटार पुढे हात बदलत राहिली, नव्याने जुळवली गेली. २०१४ साली कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या मेळाव्यात ती सर्वोत्कृष्ट ठरली. तो मान मिळवणारी ती पहिलीच फेरारी. पत्रा ठोकणारा स्कालिएत्ती त्याआधी तीन वर्षे, २०११ साली वारला होता.