उघडा पडलेला पत्ता

उघडा पडलेला पत्ता : पत्त्यांच्या खेळात पाळी नसताना, नजरचुकीने किंवा हातातून निसटून इतरांना दिसलेला पत्ता. स्पर्धेत याचा निवाडा पंच करतो. पत्ता कोणाचा, यापेक्षा तो पाहून फायदा कोणाचा होतो, हे त्यात महत्त्वाचे ठरते.

याचा सर्वांत काटेकोर विचार ब्रिजमध्ये झाला आहे. डुप्लिकेट ब्रिजच्या 2017 च्या नियमावलीतील 48 ते 51 हे नियम खेळ सुरू झाल्यावर उघड्या पडलेल्या पत्त्यांविषयी आहेत. डिक्लेअररचा, म्हणजे बोली जिंकलेल्या जोडीकडून डाव खेळणाऱ्याचा, पत्ता पडला तर दंड नाही. त्याच्या भिडूचे, म्हणजे डमीचे, पत्ते आधीच टेबलावर मांडलेले असतात. पडलेल्या पत्त्याची माहिती मिळते ती फक्त विरोधकांना. डिफेंडरचा, म्हणजे विरोधी जोडीतील खेळाडूचा, पत्ता मात्र त्याच्या भिडूला दिसण्याची शक्यता असेल, तर तो ‘दंडपात्र’ होतो आणि टेबलावर उघडाच राहतो.

डिफेंडरच्या हातून बदामाची सत्ती चुकून पडली, तर ती खेळून होईपर्यंत त्या खेळाडूला बदामाचे दुसरे हलके पान टाकता येत नाही. दश्शी, गुलाम, राणी, राजा किंवा एक्का मात्र टाकता येतो. चौकटची राणी पडली, तर बंधन कडक होते. नियमात बसेल अशा पहिल्याच संधीला ती टाकावी लागते. तिची पाळी येण्याआधी भिडूकडे उतारी आली, तर डिक्लेअरर त्याला चौकटच खेळायला लावू शकतो किंवा चौकट खेळायला मनाई करू शकतो. यांपैकी काहीही केले, की राणी परत हातात घेता येते. दंड ठरवण्याचा अधिकार डायरेक्टरचा, म्हणजे ब्रिजमधील पंचाचा. खेळाडूंनी आपसात मिटवून टाकणे नियमाला धरून नाही. हे बंधन मला फार मोलाचे वाटते, कारण नवख्या खेळाडूला समोरच्या मुरलेल्या खेळाडूच्या भिडेने गप्प बसावे लागत नाही.

डायरेक्टर हेतूच्या खोलात शिरत नाही. या चुकीने प्रतिपक्षाचे नुकसान होऊ शकते हे खेळाडूला त्या क्षणी कळण्यासारखे होते का, एवढेच तो पाहतो. तसे असेल आणि चुकीमुळे नुकसान झाले असेल, तर 72व्या नियमाखाली तो गुण बदलू शकतो. कोणावरही लबाडीचा आरोप न करता न्याय होतो.

घरगुती खेळात ही यंत्रणा नसते. मुरूड तालुक्यातील काशीदच्या किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत मेंढीकोटाचा डाव मांडला आणि वाऱ्याने बंद हुकमाचे पान उलटले, तर काय करायचे हे चौघांनीच ठरवायचे. अशा वेळी पत्ते पुन्हा पिसून वाटणे हेच न्याय्य, कारण हुकूम एकदा दिसला की तो बंद राहत नाही.

ट्रेडिंग कार्ड खेळांत चित्र बदलते. रिचर्ड गारफिल्ड यांच्या ‘मॅजिक : द गॅदरिंग’ (1993) या खेळाचा स्पर्धेतला सामना बहुधा दोघांचा असतो. तिथे भिडू नसल्याने स्वतःच्या हातातले कार्ड दाखवल्यास नुकसान दाखवणाऱ्याचेच. म्हणून ते दाखवायला स्पर्धेच्या नियमांची सहसा आडकाठी नाही. प्रतिस्पर्ध्याची कार्डे चुकून दिसत असतील, तर त्याला तसे सांगण्याची सक्तीही नाही; मात्र लपलेली कार्डे पाहण्याचा मुद्दाम प्रयत्न करण्यास मनाई आहे. गड्डीतले कार्ड अनवधानाने उलटले, तर गड्डीचा जेवढा भाग कोणालाच माहीत नव्हता तेवढाच पंच पुन्हा पिसायला लावतो. आधीच्या चालींमुळे ज्या कार्डांची जागा कळलेली असते, ती जागच्या जागी राहतात.