तिरुवल्लिकेणीचा उन्हाळा

अकोल्यात ४५ अंशांना घाम दिसत नाही आणि मद्रासेत ३७ अंशांना तो वाळत नाही. माझं माहेर अकोल्याचं आणि नोकरीची सगळी वर्षं मद्रासच्या तिरुवल्लिकेणीत गेली, म्हणून दोन्ही उन्हाळे अंगावर काढलेत. आमच्याकडे मे महिन्यात खिडकीला वाळ्याची ताटी बांधायची, तिच्यावर पाणी मारायचं, की बाहेरची झळ आत येईपर्यंत गार होते. हवा कोरडी असल्यामुळे ताटीतलं पाणी भराभर उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. कूलरही हेच करतो. तिरुवल्लिकेणी मात्र समुद्राला चिकटून आहे. तिथली हवा आधीच पाण्यानं भरलेली, ती आणखी पाणी घेणार कुठून? विदर्भातून बदली होऊन आलेली माणसं पहिल्या उन्हाळ्यात हौसेनं कूलर घेतात, घर दमट करून घेतात आणि दुसऱ्या उन्हाळ्याच्या आत तो विकतात.

अंगावरचा घाम वाळला नाही तर काय होतं, ते क्रिकेटवेड्या माणसांनी पाहिलेलं आहे. चेपॉकचं मैदान आमच्या वस्तीला लागूनच. १९८६ च्या सप्टेंबरात, म्हणजे उन्हाळा सरल्यावर, ऑस्ट्रेलियाच्या डीन जोन्सनं तिथं २१० धावा काढल्या. खेळताना त्याला उलट्या होत होत्या आणि बाद झाल्यावर थेट रुग्णालयात न्यावं लागलं. तो सामना बरोबरीत सुटला म्हणून प्रसिद्ध आहे. मला तो हवेमुळे आठवतो.

या हवेवर दोन शतकांत जे उपाय झाले, त्यांतला सर्वांत खटाटोपाचा उपाय आजही समुद्राकाठी उभा आहे. आता त्याला विवेकानंदर इल्लम म्हणतात, पण बसचा कंडक्टर अजून 'ऐस हाउस' असंच ओरडतो. १८४२ साली ही गोल, जाड भिंतींची इमारत बांधली गेली ती बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याच्या बर्फासाठी. न्यू इंग्लंडमधली तळी हिवाळ्यात गोठली की घोड्यांनी ओढायच्या अवजारांनी बर्फाच्या सारख्या चौकोनी लाद्या कापायच्या, जहाजाच्या पोटात लाकडाच्या भुशात गच्च बसवायच्या आणि आफ्रिकेला वळसा घालून हिंदुस्थानात आणायच्या. १८३३ मध्ये त्याचं पहिलं जहाज बॉस्टनहून कलकत्त्याला निघालं तेव्हा त्यावर सुमारे १८० टन बर्फ होता. चार महिन्यांनी पोचला तेव्हा १०० टनांच्या आसपास उरला होता. विषुववृत्त दोनदा ओलांडून निम्म्याहून जास्त बर्फ शाबूत राहिला. आणि भुसा म्हणजे लाकूड कापणाऱ्या गिरण्यांचा टाकाऊ माल.

मद्रासला तेव्हा बंदर नव्हतं. जहाज लांब खोल पाण्यात नांगर टाकायचं आणि माल मसुला होड्यांतून किनाऱ्यावर यायचा. या होड्यांना एकही खिळा नसे. फळ्या काथ्यानं शिवलेल्या असत, म्हणून लाटेचा तडाखा बसला की होडी फुटण्याऐवजी वाकायची. समुद्र तेव्हा आइस हाउसच्या बराच जवळ होता. पुढे बंदराच्या भिंती समुद्रात गेल्या, त्यांच्या दक्षिणेला वाळू साचत गेली आणि मरीनाचा अफाट किनारा तयार झाला. इमारत जागेवरच राहिली, समुद्र मागं सरला.

बर्फाच्या या व्यापाराची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. १८४६-४७ च्या हिवाळ्यात न्यू इंग्लंडमधल्याच वॉल्डन तळ्यावर बर्फ कापणारे मजूर आले, तेव्हा लेखक हेन्री डेव्हिड थोरो तिथंच झोपडी बांधून राहत होता. सकाळी तो भगवद्गीता वाचायचा आणि दिवसा मजुरांचं काम बघायचा. आपल्या विहिरीचं पाणी आता मद्रास, मुंबई, कलकत्त्याची माणसं पिणार, ही कल्पना त्यानं पुस्तकात लिहून ठेवली. ज्या मद्रासचं नाव त्यानं घेतलं, तिथला बर्फ तिरुवल्लिकेणीतल्या पार्थसारथीच्या देवळापासून पायी जाण्याइतक्या अंतरावर उतरत होता. पार्थसारथी म्हणजे अर्जुनाचा सारथी, गीता सांगणारा कृष्ण. इथली उत्सवमूर्ती भीष्माच्या बाणांचे व्रण चेहऱ्यावर घेऊन उभी आहे. थोरोला हे देऊळ माहीत असण्याचं कारण नाही आणि अय्यंगारांच्या गल्लीत वॉल्डन कुणी ऐकलं नव्हतं. तरी ही दोन टोकं एका जहाजानं बांधली होती, हे वाचल्यापासून त्या इमारतीवरून मी नुसती पुढे गेलेली नाही.

मुंबईलाही असं बर्फघर होतं, कोटातल्या अपोलो स्ट्रीटला. कलकत्त्यालाही होतं. दोन्ही पाडली गेली, मद्रासचं तेवढं उरलं. १८७० नंतर वाफेच्या यंत्रांवर इथंच बर्फ होऊ लागला आणि ट्यूडर कंपनीचा धंदा बसला. बिळिगिरी अय्यंगार या वकिलांनी इमारत विकत घेतली, तिला व्हरांडे आणि खिडक्या काढल्या आणि न्यायमूर्ती कर्नन यांच्यावरून 'कॅसल कर्नन' नाव दिलं. बाहेरची उष्णता आत येऊ नये म्हणून बांधलेल्या भिंती वाराही आत येऊ देत नाहीत, त्यामुळे बर्फाला मानवलेलं घर माणसाला मानवण्यासाठी हा खटाटोप करावाच लागला. पश्चिमेहून परतलेले विवेकानंद फेब्रुवारी १८९७ मध्ये नऊ दिवस इथं राहिले. पुढे सरकारनं इमारत घेतली आणि सिस्टर सुब्बलक्ष्मींनी इथं बालविधवांचं वसतिगृह चालवलं. त्या स्वतः बालविधवा होत्या आणि १९११ मध्ये पदवीधर झाल्या होत्या. इकडे अण्णासाहेब कर्व्यांचा हिंगण्याचा आश्रम चालू होता तोच हा काळ. पुण्याच्या लोकांना हिंगणं माहीत असतं, आइस हाउसच्या मुली माहीत नसतात, याची मला खंत आहे.

पण बर्फ होता कुणासाठी? किल्ल्यातल्या आणि माउंट रोडच्या बंगल्यांतल्या साहेबांसाठी. त्यांच्याकडे पंखा ओढणारे नोकर होते आणि पुढे सरकारच उन्हाळ्यात उटीला जाऊ लागलं. तिरुवल्लिकेणीच्या गल्ल्यांतल्या कारकुनांनी, भटजींनी, कोळ्यांनी आणि झाम बाजारच्या मुसलमान दुकानदारांनी उन्हाळा काढला तो घराच्या बांधणीवर, ताकावर आणि समुद्राच्या वाऱ्यावर. माझ्या मते या वस्तीचा खरा इतिहास हा आहे आणि तो लिहायचा राहून गेला आहे.

घरापासून सुरू करते. मी भाड्यानं राहिले ते घर तंजावरी मराठी कुटुंबाचं, देवळाच्या मागच्या बाजूला. पुढं तिण्णै, म्हणजे आपला ओटा. आत गेलं की मधोमध उघडा चौक, मुट्रम. तापलेली हवा चौकातून वर निघून जाते आणि दारातून तिच्या जागी दुसरी येते. म्हणून पुढचं दार आणि मागचं दार एका रेषेत. छप्पर मद्रास टेरेसचं. सागवानी वासे जवळजवळ टाकायचे, त्यांवर पातळ विटा उभ्या कडेनं, तिरप्या ओळीत, चुन्यात बसवायच्या. त्यावर विटांच्या तुकड्यांचा चुन्यात कालवलेला जाड थर, आणि सर्वांत वर चपट्या कौलांचा. मधला थर घालताना बायका ओळीनं उकिडव्या बसून लाकडी चोपण्यांनी तो दिवसचे दिवस ठोकायच्या, वरून गुळाचं आणि हिरड्याचं पाणी शिंपायच्या. चोपणं उलटं उसळायला लागलं की थर बसला. आमच्या वऱ्हाडातल्या धाब्याच्या घरांनी मातीनं जे साधलं, ते इथं चुन्यानं साधलं. दुपारचं ऊन इतक्या जाडीतून खाली उतरेपर्यंत संध्याकाळ होते.

मात्र संध्याकाळी ती उष्णता उतरतेच. म्हणून घरमालकीण आजींचा नियम होता: साडेपाचला गच्चीवर पाणी. एकदम ओतायचं नाही. पहिलं शिंपण फक्त धूळ दाबायला; कौलं ते क्षणात पिऊन टाकतात आणि गरम मातीची वाफ तोंडावर येते, तेव्हा मागं सरायचं. मग दुसरं. तिसऱ्या वेळी पाणी कौलावर चमकत राहिलं की पुरे, नाहीतर रात्रभर ओल. अंथरुणं दिवे लागल्यावर वर न्यायची, ताडाच्या पानाचा पंखा उशाशी. तो पंखा वापरण्याआधी आजी पाण्यात बुडवून झटकायच्या. पान तडकत नाही, असं त्या म्हणत.

खाण्यापिण्यातही तोच हिशेब. रात्रीचा भात पाण्यात ठेवून सकाळी ताक-मीठ घालून छोट्या कांद्यांबरोबर खायचा. कष्टकऱ्यांची न्याहारी ती हीच. दुपारी नीर मोर: पातळ ताक, आलं, हिंग, कढीपत्ता, हिरवी मिरची. रामनवमीला आपण सुंठवडा वाटतो, तिथं गूळ-सुंठ-वेलदोड्याचं पानकम् आणि हे ताक वाटतात, आणि वाटप रस्त्यावर, येईल त्याला. ताडगोळे हातगाडीवर. वालाजा मशिदीच्या बाजूला नन्नारीचं, म्हणजे अनंतमुळाचं सरबत. घामातून गेलेलं पाणी आणि मीठ परत भरून काढायचं, एवढं एकच काम हे सगळे पदार्थ करतात. जोन्सला ताकाचा तांब्या कुणी दिला असता तर, असं मला नेहमी वाटतं.

आणि वारा. सकाळी जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरची हवा आत येते. बहुतेक दिवशी हे दुपारच्या सुमाराला होतं. पण मे-जूनमध्ये पश्चिमेकडून जमिनीवरचा कोरडा वारा जोर धरतो आणि समुद्राच्या वाऱ्याला दारातच थोपवतो. समुद्राचा वारा जितका उशिरा आत शिरेल तितका पारा चढतो. ३१ मे २००३ ला नुंगंबाक्कमच्या वेधशाळेत ४५ अंश नोंदले गेले, म्हणजे मद्रास त्या दिवशी अकोला झालं. साहेबांच्या वाळ्याच्या ताट्या मद्रासेत कामाला यायच्या त्या याच कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत. ४ मेच्या आसपास अग्नी नक्षत्रम्, म्हणजे तिकडचे ऐन उन्हाचे दिवस, लागतं आणि महिनाअखेरीला सुटतं. आपल्याकडे नवतपा सुरू होतो तेव्हा त्यांचं संपत आलेलं असतं. त्या दिवसांत गल्लीत एकमेकांना पहिला प्रश्न एकच: वारा आला का? वाळत घातलेलं लुगडं पश्चिमेकडे फुगलं की आजी स्वयंपाकघरातून ओट्यावर यायच्या.

संध्याकाळी अख्खी वस्ती किनाऱ्यावर. १८८४ च्या सुमारास गव्हर्नर ग्रँट डफ यांनी तिथं फिरण्याचा रस्ता आखला आणि मरीना हे नाव दिलं, पण लोक वाऱ्यासाठी आधीपासून जात होते. तिथली राजकीय सभाही या वाऱ्याची देणगी आहे, असं मी धरून चालते. बंगालचे पुढारी बिपिनचंद्र पाल यांची गाजलेली व्याख्यानं झाली ती १९०७ च्या मे महिन्यात, ऐन उन्हाळ्यात, याच वाळूत. हजारो माणसं मावतील आणि श्वास घेऊ शकतील असं सभागृह मद्रासेत कुठं होतं? किनाऱ्यावरच्या सभांच्या जागेला लोकांनी टिळकांचं नाव दिलं, तिलक घाट. टिळकांच्या नावाचा तो तुकडा पाहायला मराठी पाहुणे सहसा जात नाहीत. आलेल्या प्रत्येकाला मी तिथं नेलं.

आता जी अडचण आहे ती वाऱ्याच्या वाटेची. नोकरीसाठी एकट्यानं आलेल्या पुरुषांसाठी तिरुवल्लिकेणीत 'मॅन्शन' उभी राहिली: तीन-चार मजले, रांगेनं खोल्या, एकेका खोलीला बोळाकडे उघडणारी एकच खिडकी. दारं एका रेषेत ठेवण्याचा जुना नियम तिथं मोडला. सिमेंटची स्लॅब पातळ; दुपारचं ऊन संध्याकाळपर्यंत थांबत नाही, तेव्हाच उतरतं. मे महिन्यात बऱ्याच रात्री पारा २८ च्या खाली जात नाही आणि शरीराला सावरायला मिळतो तो वेळ रात्रीचाच. मॅन्शनमधली पोरं चटया घेऊन गच्चीवर जातात. पण बऱ्याच गच्च्यांवर आता पत्र्याच्या खोल्या आहेत, मोबाइलचे मनोरे आहेत, दाराला कुलूप आहे. एसी लावणारे लावतात आणि त्यांची गरम हवा त्याच अरुंद बोळात सोडतात, ज्यात शेजारच्याची एकुलती एक खिडकी उघडते.

आजींच्या घराच्या पूर्वेला पाच मजली इमारत झाली. वारा बंद झाला नाही, पण वाट बदलून उत्तरेच्या बोळातून येऊ लागला, अर्ध्या तासानं उशिरा. त्यांच्या मुलानं जुन्या न्हाणीची भिंत पाडून त्या बाजूला जाळीची खिडकी बसवली. गच्चीचा चुन्याचा थर नव्यानं करायला माणसं मिळेनात, तेव्हा तिरुवण्णामलैहून दोन म्हाताऱ्या बायका आणि त्यांची सून आली. चोपणी त्यांनी स्वतःची आणली होती.