गोळी वाटली, घेतली का?

जबलपूरच्या आमच्या घरी देवघराच्या फळीवर रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी असे. वडील वेळेचे पक्के, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. पण ‘डोकं दुखत नाही, मग रोज औषध कशाला?’ हा त्यांचा प्रश्न. पुढे पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला, तेव्हा डबीत दीड महिन्याच्या गोळ्या शिल्लक होत्या. प्रशासनात आयुष्य घालवूनही मी ती डबी कधी उघडून पाहिली नव्हती.

या औषधाच्या इतिहासात भारताचा वाटा मोठा आहे. आपल्या रानांत उगवणाऱ्या सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरील गुण मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला आणि जगाचे लक्ष तिकडे वेधले गेले. १९५२ मध्ये त्या मुळीतून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. औषध सापडले, ते रुग्ण घेईल, हे मात्र गृहीतच राहिले.

ते गृहीत ढासळले मद्रासला, क्षयाच्या निमित्ताने. १९५६ पासून तेथे रुग्णालयातील आणि घरच्या उपचारांची तुलना झाली. घरचे उपचारही जवळपास तितकेच गुणकारी ठरले. परंतु अचानक दिलेल्या भेटींत आणि लघवीच्या तपासणीत दिसले, की काही रुग्ण औषध घेतच नाहीत. त्यातूनच देखरेखीखाली औषध देण्याच्या पद्धतीचा पाया घातला गेला.

रक्तदाबाला ही पद्धत लागू पडत नाही. क्षयाचा उपचार काही महिन्यांत संपतो, हा जन्मभराचा. शिवाय तो दुखत नाही. त्यामुळे बरे वाटणे हेच औषध सोडण्याचे कारण होते. त्यात आठवड्याचीच गोळी देणारी खिडकी असेल, तर मजुराने दर आठवड्याला एक रोजगार बुडवावा अशी आपली अपेक्षा असते. अशा वेळी रुग्णाला बेफिकीर म्हणणे सोपे, पण न्याय्य नव्हे.

२०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने ही चूक ओळखली. पहिल्या टप्प्यात आमच्या राज्यातला छिंदवाडा होता, तसेच महाराष्ट्रातील सातारा आणि वर्धाही. ठरावीक सोपी औषधयोजना, एका वेळी महिनाभराच्या गोळ्या, घराजवळचे केंद्र आणि प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र नोंद, अशी त्याची रचना. मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो त्याचा हिशेब: किती गोळ्या वाटल्या यापेक्षा किती जणांचा रक्तदाब आटोक्यात आला, हे तेथे मोजले जाते.

आमची नोंदवही बहुधा वाटपापाशीच मिटते. वडिलांची डबी सांगते, की खरे काम तेथून पुढे सुरू होते. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांची डबी आज एकदा उघडून पाहावी, एवढीच विनंती.