आधीच लिहून ठेवलेला दुष्काळ

दौंडहून नगरकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की खाली पसरलेल्या भरावाकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. हा दौंड–मनमाड मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. त्याचं बरंचसं मातीकाम आदल्या वर्षी दुष्काळी मजुरांनी केलं होतं. दौंड तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, भीमेच्या पलीकडे शिरूर. दोन्हीकडे पर्जन्यछायेतली जमीन. पाऊस हुलकावणी देणार हे शेतकऱ्याला ठाऊक असायचं, म्हणून बऱ्या साली तो ज्वारी पेवात भरून ठेवी. सरकारकडे असं पेव नव्हतं.

खरं तर सरकारने एकदा तशी तयारी करून पाहिली होती. १८७३-७४ मध्ये बिहारात पीक बुडालं, तेव्हा सर रिचर्ड टेंपल यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला. भूकबळी जवळजवळ टळले. पण माणसं मेली नाहीत म्हणजे दुष्काळ मोठा नव्हताच, असा अर्थ काढला गेला आणि टेंपल यांच्यावर उधळपट्टीचा ठपका आला. टळलेल्या संकटाचा पुरावा कुठून दाखवणार?

टेंपल यांनी त्यातून उलटाच धडा घेतला. १८७७ च्या जानेवारीत पुरुष मजुराची मजुरी एक पौंड धान्य आणि वर एक आणा इतकी खाली आणली गेली. मुंबई इलाख्यात हजारो मजूर काम सोडून निघून गेले. पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावची माहिती गोळा करून सरकारला पत्रांमागून पत्रं लिहीत राहिली. १८७६ ते ७८ या काळात ब्रिटिश हिंदुस्थानात पन्नास लाखांहून अधिक माणसं गेली.

त्यानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि त्यातून 'फॅमिन कोड' जन्मले. या पुस्तकातली खरी अक्कल अशी, की दुष्काळ पडणारच हे त्यात धरूनच चाललेलं आहे. पावसाचे आणि बाजारभावाचे अहवाल सतत वर पाठवायचे. तलाव, रस्ते, बांध यांच्या कामांची यादी अंदाजपत्रकासह आधीच तयार ठेवायची. शंका आली की चाचणीचं काम काढायचं. पोटापुरत्या मजुरीसाठी लोक खडी फोडायला आले, तर दुष्काळ आहे असं समजायचं. म्हातारे, अपंग यांना गावातच मदत द्यायची. 'अजून थोडी वाट पाहू' असं म्हणण्याची मुभा अधिकाऱ्याला कमीत कमी राहील, अशी ही रचना होती. १८७६ साली जी चूक झाली, ती याच वाट पाहण्याची होती.

कोडमधली मजुरी कंजूषच होती, आणि कोड असूनही १८९६ व १८९९ च्या दुष्काळांत माणसं मेली. पण नियम लिहिलेला असला की तो वाचून दाखवता येतो. १८९६ मध्ये टिळकांनी आणि सार्वजनिक सभेने कोडमधल्या तरतुदी मराठीत छापून शेतकऱ्यांपर्यंत पोचवल्या. सरकारला हे इतकं झोंबलं, की १८९७ मध्ये त्याने सभेची मान्यता काढून घेतली.

१९७२ चा दुष्काळ आजही घराघरांत आठवतो: लाल मिलो, सुकडी, पाझर तलावांवरची गर्दी. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळपास ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना तोवर आलेली होतीच. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९ च्या २६ जानेवारीपासून तो लागू झाला. दुष्काळ जाहीर होण्याची अटच त्याने काढून टाकली. मजुराने काम मागायचं, सरकारने पंधरा दिवसांत द्यायचं.

त्यासाठी कामं आधीच मंजूर हवीत. सरकारी भाषेत त्याला 'शेल्फवरची कामं' म्हणतात. भर पावसाळ्यात, पिकं डोलत असताना ती यादी भरणं कुणालाही कंटाळवाणंच वाटणार. शिरूर-दौंडच्या उसाच्या पट्ट्यात तर अधिकच. पण ती यादी कोरी सापडते, ती नेमकी पाऊस गेलेल्या साली.