जवस: हवेत सुकणाऱ्या तेलाची गोष्ट

नागपूर परिसरातील काळ्या, ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीत रब्बीला पेरल्या जाणाऱ्या जवसाला दोन वाटा होत्या. एक गावच्या तेलघाण्यावरून स्वयंपाकघरात जाई आणि दुसरी समुद्रापलीकडे. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोहोचली, तेव्हापासून कापसाच्या गाठींबरोबर मध्य प्रांतातील जवसाची पोतीही मुंबईच्या गोदीकडे जाऊ लागली आणि युरोपात त्यांच्या तेलापासून रंग, वार्निश, छपाईची शाई व लिनोलियम नावाचे जमिनीवर अंथरायचे आच्छादन तयार होऊ लागले. विदर्भात ज्या तेलात फोडणी पडे, तेच तेल परदेशात खिडक्यांच्या चौकटींवर चढत होते.

यामागचे कारण तेलाच्या घडणीत आहे. जवसाच्या तेलात सुमारे निम्मा वाटा अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो. हे १८ कार्बन अणूंचे मेदाम्ल असून त्याच्या साखळीत तीन दुहेरी बंध, म्हणजे प्राणवायूला सहज शिरकाव देणाऱ्या जागा असतात. उघड्या बाटलीच्या तोंडाशी ओघळलेला थेंब काही दिवसांत पिवळसर, चिकट पापुद्रा होऊन बसतो, तो या प्राणवायूमुळेच. रंगाऱ्याला हा गुण हवा असतो, तर गृहिणीला तो खवटपणा वाटतो.

गळवावर वा सुजेवर जवसाच्या पिठाचे गरम पोटीस बांधण्याची रीत घरोघरी होती. त्या पोटिसाची ऊब आणि भिजलेल्या बियांचा बुळबुळीतपणा यांनीच आराम पडत असावा. परंतु सूज आणि हे मेद यांचा खरा संबंध उलगडायला फार काळ जावा लागला. सूज ही आपोआप विरते अशी समजूत विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत रूढ होती. बोस्टन येथील चार्ल्स सेर्हान यांच्या प्रयोगशाळेने २००० च्या सुमारास दाखवून दिले की ही सूज, म्हणजेच दाह, संपवण्याचे काम शरीर स्वतः सक्रियपणे करते आणि त्यासाठी ईपीए व डीएचए या, जवसातील मेदाम्लाच्याच कुळातील लांब साखळ्यांवर प्राणवायू चढवून रिझॉल्व्हिन नावाचे रेणू घडवते. हवेत जे अनिर्बंध घडते, तेच पेशींमधील विकरे नेमक्या जागी, मोजक्या प्रमाणात घडवतात, ही साम्याची बाब या विषयातील सर्वांत सुंदर गोष्ट म्हणावी लागेल.

रिझॉल्व्हिन नव्या श्वेतपेशींचा लोंढा थोपवतात आणि महाभक्षी पेशींना, म्हणजे मृत पेशी गिळणाऱ्या पेशींना, साफसफाईला लावतात. ही साफसफाई कर्करोगातही महत्त्वाची ठरू शकते. दाह व कर्करोग यांचा संबंध जर्मन रोगशास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हर्शो यांनी १८६३ मध्येच सुचवला होता. २०१८ मध्ये बोस्टनमधील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांत असे दाखवले की उपचारांनी मारलेल्या कर्करोगपेशींचा कचरा उरला तर तोच दाह चेतवून उरलेल्या गाठीला वाढवतो आणि रिझॉल्व्हिन दिल्यास तो कचरा उचलला जाऊन वाढ मंदावते. माणसांवर हे सिद्ध व्हायचे आहे, आणि जवस खाऊन कर्करोग बरा होतो असा निष्कर्ष यातून काढणे धोक्याचे ठरेल, कारण मानवी शरीरात जवसातील मेदाम्लाचा अगदी अल्प अंशच ईपीएमध्ये व त्याहून कमी डीएचएमध्ये रूपांतरित होतो. ज्या नागपुरात सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा तोंडात सतत दाह पेटता ठेवतो, तिथे तर कर्करोग टाळण्यासाठी खर्रा सुटणे हाच पहिला उपाय आहे.

दरम्यान शेतावर वेगळाच खटाटोप चालू होता. तेल टिकावे व स्वयंपाकात वापरता यावे म्हणून लिनोलेनिक आम्लाचे प्रमाण अगदी कमी केलेला टीएल-९९ हा वाण भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवला. त्याचे तेल लवकर खवट होत नाही. आणि ज्या मेदाम्लासाठी आज लोक भाजलेले जवस, लाल मिरची, लसूण व मीठ एकत्र कुटून चटणी करतात, ते त्यात जवळजवळ नसते.