तारांबळ

आमच्या चिरंजीवांनी भिंतीवर टांगायचा भलामोठा टीव्ही आणला आणि एकच अट घातली, "बाबा, एकही वायर दिसता कामा नये." टीव्हीमागे लाकडी पॅनेल येणार, त्या पॅनेलच्या पोटात सगळ्या वायरी जाणार आणि आल्यागेल्याला वाटणार, की चित्र भिंतीतूनच उगवलंय!

कल्पना उत्तम होती. म्हणून मी जुनी शोकेस पुढे ओढली, मागे डोकावलो आणि तसाच मागे आलो. दिवाळीनंतर गुंडाळून ठेवलेली दिव्यांची माळ वर्षाने सोडवायला घेतलीय कधी? तशा सात माळा एकमेकींना मिठी मारून बसल्या होत्या. टीव्हीची वायर, सेट टॉप बॉक्सची वायर, त्या दोघांना जोडणारी तिसरी, राउटरची चौथी, चार वर्षांपूर्वी वारलेल्या डीव्हीडी प्लेअरच्या मागे राहिलेल्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या तीन लेकी, आणि हे सारं गोकुळ पोसणारा एक्स्टेन्शन बोर्ड. तोही दुसऱ्या एक्स्टेन्शन बोर्डाच्या जिवावर जगत होता.

गंमत अशी, की या सगळ्याची सुरुवात 'बिनतारी' या शब्दाने झाली. 23 जुलै 1927 ला मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं तेव्हा लोकांना अप्रूप कशाचं, तर तारेवाचून आवाज येतो याचं. आमच्या वाड्यात हे अप्रूप पोचायला 1954 साल उजाडलं. आदल्या वर्षी 2 ऑक्टोबरला पुणे आकाशवाणी सुरू झाली होती आणि अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, हप्त्यावर व्हॉल्व्हचा सेट आणला. टपाल कचेरीत जाऊन त्याचा परवानाही काढला. आणि मग त्या बिनतारी यंत्रासाठी आमच्याकडे जेवढी तार लागली, तेवढी त्याआधी सबंध वाड्यात नव्हती!

कौलांवर दोन बांबू, त्यांच्यामध्ये ताणलेली तांब्याची एरियल, दोन्ही टोकांना चिनी मातीचे गोटे. तिथून एक तार खिडकीतून आत. दुसरी 'अर्थ'ची, ती खिडकीतून बाहेर, थेट तुळशीपाशी पुरलेल्या पत्र्याला. उन्हाळ्यात माती सुकली की आवाज खरखरे. मग अण्णा तांब्याभर पाणी ओतायचे. आईला बरीच वर्षं वाटत होतं, की नवऱ्याला तुळशीची भक्ती जडली आहे.

नुसतं पुणे केंद्र ऐकायचं तर हातभर तारेवरही भागलं असतं. पण 1952 मध्ये नभोवाणीमंत्री बा. वि. केसकर यांनी आकाशवाणीवरच्या सिनेसंगीताला कात्री लावली. शास्त्रीय संगीताचं भलं व्हावं हा हेतू. मंत्री मराठी माणूस, हेतू शुद्ध, परिणाम उलटा. सगळा देश सिलोनकडे वळला. सिलोन यायचं शॉर्टवेव्हवर, म्हणजे एरियल आणखी लांब, आणखी उंच. 1957 मध्ये विविध भारती सुरू झाली तोवर आमचे बांबू दोनदा वाढले होते. घरातल्या तारा सरकारी धोरणाने वाढतात हे मला तेव्हापासून ठाऊक आहे.

त्या तारा झाकायची जबाबदारी आईची. तिने रेडिओला क्रोशाचा अभ्रा विणला. अण्णा म्हणाले, "व्हॉल्व्ह तापतात, मागची बाजू उघडी हवी." आई म्हणाली, "मागची बाजूच तर झाकायचीय!" या वादात अभ्रा तीनदा उसवून विणला गेला. अण्णांचा मार्ग वेगळा. ते पाटबंधारे खात्यात कारकून, त्यामुळे त्यांनी प्रत्येक तारेला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली. 'एरियल', 'अर्थ', 'मेन - हात लावू नये'. खाली तारीख.

मुंबईत 2 ऑक्टोबर 1972 ला दूरदर्शन आलं आणि पुढच्याच वर्षी पुण्याला दिसू लागलं. आता कौलांवर अॅल्युमिनियमच्या कांड्यांचा सांगाडा आणि खाली येणारी चपटी वायर. या सांगाड्याचं नाव यागी अँटेना. 1926 मध्ये जपानच्या तोहोकू विद्यापीठात तो घडला. खपले उदा नावाचे गृहस्थ आणि नाव झालं त्यांचे वरिष्ठ यागी यांचं. (कारकुनाच्या घरी हे ऐकून कोणाला नवल वाटलं नाही.) त्याची एक गोष्ट सांगतात. 1942 मध्ये जपान्यांनी सिंगापूर घेतलं, तिथे त्यांना इंग्रजांच्या रडारविषयीच्या टिपणांची वही सापडली. तीत जागोजागी 'यागी' हा शब्द. त्याचा अर्थ काही केल्या लागेना. शेवटी एका इंग्रज कैद्याला विचारलं, तर तो म्हणाला, अहो, हे तुमच्याच प्राध्यापकाचं नाव! घरचीच तार, पण ती कुठून आली हे घरच्यांनाच ठाऊक नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. 1982 च्या आशियाई खेळांबरोबर रंग आला, मागोमाग व्हीसीआर. नव्वदीत केबल आली ती इमारतीवरून इमारतीवर, आंब्याच्या फांदीला वळसा घालून. 1995 च्या कायद्याने केबलवाल्यांची नोंदणी ठेवली पुन्हा टपाल कचेरीतच. सेट टॉप बॉक्स आला, मग वायफाय. वायफाय म्हणजे पुन्हा बिनतारी, आणि मी खाली वाकून मोजलं, त्या बिनतारी डबीला वायरी दोन.

तर चिरंजीवांनी बोलावलेला इलेक्ट्रिशियन वायरी एकेक करून पॅनेलमध्ये घालत होता. अचानक म्हणाला, "काका, ही कुठली?"

खोलीच्या कोपऱ्यातून बाहेर आलेली, कशालाच न जोडलेली एक बारीक जोडवायर. टोकाला पुठ्ठा. अक्षर अण्णांचं. 'काढू नये. 12-8-91.' कारण दिलेलं नव्हतं.

चिरंजीव म्हणाले, "तोडून टाका." मी म्हटलं, थांब. मग आम्ही तिघं तिच्या मागे लागलो. कोपऱ्यातून वर, दाराच्या चौकटीवरून आडवी, पलीकडे आतल्या खोलीत. रंगाच्या तीन हातांखाली ती अशी बुजली होती, की बोट फिरवल्याशिवाय कळू नये. पस्तीस हजारांच्या पॅनेलला जे साधायचं होतं, ते अण्णांनी चार खिळ्यांत साधलं होतं. खिडकीपाशी, पलंगाच्या उशाशी, दोन उघडी टोकं.

तेव्हा आठवलं. पाय मोडल्यावर आई त्या पलंगावर होती, शेवटची अडीच वर्षं. रेडिओ बाहेरच्या खोलीत, कारण एरियल तिथवरच पोचत होती. सेटला मागे जादा स्पीकरची दोन भोकं असायची. अण्णांनी तिथून तार आत नेली आणि उशाशी खोक्यातला एक छोटा स्पीकर ठेवला. पहाटेची भक्तिगीतं लागली, की बाहेरून विचारायचे, "येतंय का गं?" ती म्हणायची, "येतंय, पण जरा हळू करा." तो सेट आम्ही 1999 मध्ये जुन्या बाजारात दिला. अण्णा आदल्या वर्षी गेले होते.

इलेक्ट्रिशियन पकड हातात धरून उभा होता. "मग काका, काय करू? काढू?"

सौ. स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "लिहिलंय ना त्यावर."

त्याने ते टोक चिठ्ठीसकट पॅनेलच्या आत सोडलं आणि वरून फळी ठोकली. जाताना चिरंजीवांना म्हणाला, "एक वायर जास्तीची आत आहे बरं का, नंतर मला बोलू नका."